हेक-रास: सुंदरबनच्या खाडीवर घेतलेली परीक्षा

पुण्यात बसून सुंदरबनच्या एका खाडीचे प्रारूप मांडण्यासाठी मी अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची हेक-रास ही पाण्याच्या प्रवाहाचे गणित करणारी मोफत संगणकप्रणाली वापरली. गणितासाठी प्रदेशावर आखलेल्या जाळीचा चौकोन मोठा ठेवला, तरी त्याच्या पोटातील जमिनीचे चढउतार ती हिशेबात धरते, त्यामुळे अरुंद ओहोळ पुसले जात नाहीत आणि गणितही लवकर उरकते. मात्र बांधाची रेषा चौकोनांच्या कडांवर नेमकी बसवली नाही, तर पाणी बांधाच्या आरपार गेल्यासारखे दिसते. माझे दोन दिवस यातच गेले. भरती-ओहोटीसाठी वाहत्या पाण्याचे जडत्व वगळणारे सोपे समीकरण टाळून पूर्ण समीकरणेच निवडावीत. (खडकवासल्याच्या विसर्गाला सोपे समीकरण बहुधा पुरले असते.) कांदळवनाचा सारा अडथळा मॅनिंगच्या एका गुणांकात, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा सांगणाऱ्या एका आकड्यात, कोंबावा लागतो, हे खटकले. खारेपणाही अभ्यासायचा असल्यास डेल्फ्ट-३डी ही डच संगणकप्रणाली अधिक योग्य.