फ्री-मोशन शिकायला पायमशीन बरं की मोटरचं?

दोन्ही घरात आहेत, दोन्हींवर गोधड्या झाल्यात, म्हणून लिहितो. फ्री-मोशन म्हणजे कापड पुढे सरकवणारे दाते खाली घ्यायचे, कापड मोकळं फिरू देणारा डार्निंग फूट लावायचा आणि कापड आपणच फिरवायचं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

मोटरच्या झिगझॅग मशीनला सुईजवळ दिवा असतो, पायांना श्रम नाहीत, दाते बहुधा एका खटक्यात खाली जातात. मोठी गोधडी लवकर हातावेगळी करायची तर हेच सोयीचं. माझं घोडं अडलं ते थांबून पुन्हा सुरू करण्यापाशी. आणि थांबावं तर सारखंच लागतं. दोन तळव्यांमधला वीतभर भाग शिवून झाला की हात सरकवायचे, तेही बहुतेकदा वळणाच्या मध्यावर. पेडल हळूच दाबावं तर मशीन नुसतं घुमतं, जरा जास्त दाबलं की एकदम उसळतं. तेवढ्यात हात हलले नाहीत तर एकाच जागी टाक्यांची गाठ, दचकून हलले तर लांबलचक टाका. इथे टाक्याची लांबी हात आणि सुई यांच्या वेगावर ठरते. त्यातला एक लहरी निघाला, की नेमकं काय बिघडलं, हात की पेडल, हे नवख्याला उमगतच नाही. वेग बांधून ठेवणारी सरकपट्टी असलेलं मॉडेल घेणार असाल, तर ही तक्रार बरीचशी मिटते म्हणा.

पायमशीनच्या चाकाला सुरुवातीला हात द्यावा लागतो, आणि ते उलटं फिरलं तर दोरा तुटतो. कटकट आहेच. पण सुई कापडात रुतवून थांबलं की एक हात सोडला तरी काही सरकत नाही, आणि पुढे पावलं म्हणतील तेवढाच वेग, अगदी एकेक टाकासुद्धा. शिवणक्लासात रिंग लावून मशीनवर भरतकाम शिकवत, ते असंच, फूट काढून. शिवाय पायमशीनसारख्या सरळ टाक्याच्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीला बारीक गोल भोक असतं. झिगझॅगच्या लांबट फटीत मऊ कापड सुईबरोबर खाली दबतं आणि टाके सुटतात. हातमशीनचा विचार मात्र नको, एक हात दांड्यालाच अडकतो.

जुनं काळं मशीन घरात पडून असेल तर पट्टा बदला, तेल घाला. दाते खाली जात नसतील तर सुईपुरतं भोक पाडलेला पातळ पुठ्ठा वर चिकटवा. जुन्या सुती साडीच्या थरांवर थोडे दिवस हात फिरवा, मग नव्या मशीनचं ठरवा.