२४ इंची सर्वो कटिंग प्लॉटर : दीड वर्ष दुकानात वापरल्यानंतर

पाट्या, काचेवरची अक्षरे आणि वाहनांवरचे स्टिकर करणाऱ्या लहान दुकानाचा बहुतेक भार कटिंग प्लॉटरवरच, म्हणजे व्हिनाइलच्या (चिकट प्लॅस्टिक शीटच्या) रोलमधून पात्याने अक्षरे कापणाऱ्या यंत्रावरच असतो, त्यामुळे त्याची निवड चुकली की रोजच्या कामाची घडी विस्कटते. आमच्याकडे दीड वर्षापासून सर्वो मोटरचा २४ इंची प्लॉटर आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष या वर्गातल्या इतर यंत्रांतही थोड्याफार फरकाने आढळतील.

आधीचे यंत्र स्टेपर मोटरचे, म्हणजे ठरावीक लहान टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरचे होते. लहान वळणांवर ते अडखळत असे, ‘ळ’च्या आतल्या गोलाईला बारीक पायऱ्या पडत आणि ते चालू असताना शेजारी उभे राहून फोनवर बोलणे अशक्य होई. सर्वो यंत्रात मोटर नेमकी किती फिरली याची खबर एन्कोडर सतत देत राहतो, म्हणून वेग वाढवला तरी रेषा बिघडत नाही. त्याच गोलाईवरून आता बोट फिरवले तर खाच लागत नाही.

लांबीच्या कामात मात्र मोटरपेक्षा पकडीचे महत्त्व अधिक असते. पाच मीटर लांबीची पट्टी कापताना व्हिनाइल दोन मिलिमीटर जरी सरकले, तरी शेवटची अक्षरे तिरकी जातात. या यंत्राचे खालचे खरखरीत रूळ आणि वरची दाबचाके चांगली आहेत, तरीही जड रोल यंत्रालाच ओढू दिला की चूक होतेच. लागेल तेवढे व्हिनाइल आधी उलगडून सैल सोडावे आणि एकदा पूर्ण लांबी पुढे-मागे फिरवून घ्यावी; ही शिस्त पाळल्यापासून आमचे एकही लांब काम वाया गेलेले नाही.

पात्याबद्दल मात्र तक्रार आहे. सोबत आलेले ४५ अंशांचे पाते साध्या, ६० ते ८० मायक्रॉन जाडीच्या व्हिनाइलला पुरते, पण रिफ्लेक्टिव्ह (उजेड परत फेकणाऱ्या) शीटला ६० अंशांचे पाते वेगळे घ्यावे लागले, आणि काचेचे मणी असलेल्या शीटवर तेही लवकर बोथट होते. (रिफ्लेक्टिव्ह असो वा साधे, गिऱ्हाईक सगळ्यालाच ‘रेडियम’ म्हणते, त्यात रेडियमचा कणही नसतो, पण आता आम्हीही तेच म्हणतो.) पात्याचे टोक त्याच्या अक्षापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असते, हा ऑफसेट चुकीचा भरला तर चौकोनाचे कोपरे गोलावतात किंवा त्यांना शेपटी फुटते. म्हणून प्रत्येक नव्या रोलवर आधी एक लहान चौकोन कापून सोलून पाहावा. व्हिनाइल स्वच्छ सुटावे आणि मागच्या कागदावर पात्याची केवळ पुसट रेघ उमटावी, इतकाच दाब योग्य समजावा.

यंत्रासोबतचे सॉफ्टवेअर मराठी कामासाठी निरुपयोगी आहे. पहिली वेलांटी ते अक्षराच्या आधी न टाकता नंतर टाकते आणि जोडाक्षरे फोडते. आम्ही अक्षरे इंकस्केप या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडतो, त्यांचे पाथमध्ये (बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करतो आणि मग ‘युनियन’ करतो, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करतो. ही शेवटची पायरी विसरली की घोटाळा होतो, कारण देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर त्या सलग दिसतात, पण पाते प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्रपणे कापते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. पहिल्याच महिन्यात एका काचेवरच्या पाटीचे सर्व शब्द असे तुटक निघाले होते, आणि ती चूक यंत्राची नव्हे, माझीच होती. लहान अक्षरांत अनुस्वाराचा ठिपका सोलताना हमखास निसटतो, तेव्हा तो फाँटपेक्षा थोडा मोठा ठेवणे बरे.

छापील स्टिकरच्या कडेने कापण्यासाठी खुणा वाचणारा सेन्सर दिला आहे. पांढऱ्या मॅट शीटवर तो एकदाही चुकला नाही. चकचकीत लॅमिनेशनवर मात्र उजेडाच्या परावर्तनाने गोंधळून तो दुसऱ्याच खुणेपाशी थांबतो. खुणांवर मॅट पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवला की बहुधा काम भागते, पण शंभर स्टिकरच्या कामात प्रत्येक शीटला चार तुकडे लावत बसणे कंटाळवाणे आहे, आणि या किमतीच्या यंत्राकडून अधिक अपेक्षा होती.

पात्याखालची पांढरी पट्टी झिजते, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगितले नाही. सुरुवातीला मी दाब जास्त ठेवल्याने पाते कागदाच्या पार जाऊन पट्टीत चर पडला, आणि त्यानंतर नेमक्या त्याच जागी अक्षरे अर्धवट कापली जाऊ लागली; दोष पात्याचा समजून मी दोन पाती बदलली. जादा पट्टी यंत्रासोबत येत नाही. आम्ही मागवल्यावर विक्रेत्याकडून ती यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर रोल दोन इंच बाजूला सरकवून कामे उरकावी लागली.