शेणखताच्या कल्चरची पुडी: पाचपैकी दोन तारे

'शेण झटपट कुजवणारे जिवाणू' असं पाकिटावर ठळक छापलंय. पण शेणात जिवाणूंची वानवा कधी होती? ताज्या शेणाच्या एका ग्रॅममध्येच ते अब्जावधींनी असतात. तरीही पुडी आणली, कारण ओळखीतले बरेच जण तिचं गुणगान गात होते.

एकाच गोठ्यातलं शेण, तीच कुट्टी, तेवढंच पाणी घेऊन कमरेइतके उंच दोन ढीग लावले. एकात कल्चर कालवून ओतलं, दुसऱ्यात नुसतं पाणी. कल्चरचा ढीग थोडा आधी तापला, हे मान्य. पण दुसऱ्यानेही लवकरच त्याला गाठलं आणि दोन्ही साठ अंशांच्या वर गेले. पुढे दोघांत फरक सांगता येईना. तयार खतही रंगाला, वासाला सारखंच.

याचं कारण ढिगाच्या पोटात आहे. सुरुवातीला मध्यम उष्णतेत रमणारे जिवाणू साखर, स्टार्च, प्रथिनं असा सोपा माल फस्त करतात आणि त्यातूनच ढीग तापतो. पंचेचाळीस अंशांच्या आसपास ते मागे हटतात आणि उष्णताप्रेमी जिवाणूंचं राज्य येतं. त्यांत बॅसिलस कुळातल्यांचा भरणा मोठा. पंचावन्नच्या वरचं तापमान काही दिवस टिकलं की ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे रोगजंतू आणि तणांचं बरंचसं बी मरतं. सत्तरीकडे गेलं तर मात्र कामकऱ्यांचीच फळी आडवी होते. ही सगळी मंडळी शेणात, पेंढ्यात आधीपासून बसलेली असतात. त्यांना हवा, ओल आणि खाणं मिळालं की झालं.

पुडीवर राग आहे तो एका ओळीसाठी: 'ढीग पालटण्याची गरज नाही.' हे साफ चूक आहे. आतला प्राणवायू संपला की हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात, मग सडक्या अंड्यांचा वास आणि मिथेन. शिवाय कडेचा थर आत आल्याशिवाय त्याला ती उष्णता लागणार कशी? माझे दोन्ही ढीग पालटल्यावर पुन्हा तापले, कल्चर असो वा नसो.

'दुर्गंधी लगेच जाते' हा दावाही तसाच. नाकाला झोंबणारा अमोनिया म्हणजे खतातलं नत्र हवेत उडून चाललंय. जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. कोंबडीखतात नत्र फारच जास्त, तिथे पुडी काय करणार? भुसा किंवा वाळका पालापाचोळा मिसळा. ओल जोखायला मूठभर माल पिळायचा: एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

आणखी एक गंमत. जिवाणूंच्या यादीत ट्रायकोडर्माही बसवलाय. ती बुरशी! वर सूचना अशी की पहिल्याच दिवशी मिसळा. म्हणजे साठ अंशांच्या भट्टीत तिची रवानगी. घालायचीच असेल तर ढीग निवल्यावर घाला. काड्या-लाकडाला टणकपणा देणाऱ्या चिवट लिग्निनवरचं बुरशीचं काम खरं तर तेव्हाच सुरू होतं, अ‍ॅक्टिनोमायसिटीजही (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) तेव्हा जोमात येतात. पावसाळी मातीसारखा तो वास त्यांचाच.

दोन तारे दिले ते पॅकिंगला. उत्पादनाची तारीख, मुदत, जिवाणूंची संख्या सगळं नीट छापलेलं, आणि पूड पाण्यात गुठळ्या न होता विरघळते. नुसत्या भुशाचा किंवा काडीकचऱ्याचा ढीग असेल, त्यात शेण अजिबात नसेल, तर पुडीचा थोडा उपयोग होऊही शकेल. तिथेही मी आधी जुन्या तयार खताची दोन-चार घमेली टाकून बघेन.

त्याच पैशांत लांब दांडीचा थर्मामीटर घ्या. ढीग कधी पालटायचा ते तोच सांगतो: पारा चढून खाली यायला लागला की फावडं उचलायचं. दांडी ढिगाच्या मध्यापर्यंत पोचेल एवढी हवी, स्वयंपाकघरातला आखूड चालत नाही.