टेक्सास की कॅलिफोर्निया? एच-१बीवाल्या घरासाठी

डॅलसजवळच्या फ्रिस्कोची ऑफर घ्यावी की कॅलिफोर्नियातल्या बे एरियाची, हा हिशेब मराठी घरांत एरवी घरभाडं, शाळा आणि राज्याचा आयकर यांवर सुटतो. हल्ली त्यात आणखी एक प्रश्न येतो : टेक्सासात पोलीस व्हिसा विचारतात म्हणे?

विचारू शकतात. पण राज्य बदललं म्हणून तुमचा व्हिसा बदलत नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, एच-४ हा जोडीदार-मुलांचा, नोकरी गेल्यावर मिळणारे जास्तीत जास्त ६० दिवस, हे सगळं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हातात आहे. राज्य फक्त एवढंच ठरवतं की आपले पोलीस आणि तुरुंग आयसीईच्या, म्हणजे स्थलांतर कायदे राबवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, मदतीला द्यायचे की नाही.

कॅलिफोर्निया 'नाही' म्हणू शकतं ते १९९७ च्या प्रिंट्झ निकालामुळे. केंद्राला स्थानिक शेरीफला (काउंटीच्या पोलीसप्रमुखाला) आपल्या कामाला जुंपता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवलं. गंमत अशी की तो खटला बंदूकखरेदीच्या तपासणीवरून होता आणि निकाल लिहिला होता कट्टर पुराणमतवादी न्यायमूर्ती स्कालिया यांनी. त्याच तत्त्वाच्या आधारावर कॅलिफोर्नियाचा २०१७ चा एसबी ५४ कायदा कोर्टात टिकला. या कायद्यानुसार पोलिसांनी स्थलांतराची स्थिती विचारायची नाही आणि केवळ आयसीईने सांगितलं म्हणून तुरुंगाने कुणाला जास्त वेळ अडकवून ठेवायचं नाही. गंभीर गुन्ह्यांसाठी मात्र अपवाद आहेत.

टेक्सासने त्याच वर्षी बरोबर उलटा कायदा केला. कुणाला धरून ठेवा अशी आयसीईची विनंती आली की तुरुंगाने ती पाळायचीच, नाही पाळली तर शेरीफवरच कारवाई. अडवलेल्या माणसाला पोलिसाने स्थिती विचारली तर वरिष्ठांना त्याला रोखता येत नाही. २०२३ चा जो एसबी ४ कायदा बातम्यांत गाजला, त्याची धास्ती मात्र तुम्ही घेऊ नका. सीमा चोरून ओलांडणं हा राज्याचा गुन्हा ठरवणारा तो कायदा आहे, आणि सही झाल्यापासून तो कोर्टकचेरीत फिरतोय, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या ॲरिझोना निकालाने अशा गोष्टींत राज्यांचे हात बरेच बांधले आहेत. व्हिसावर विमानतळातून आत आलेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही.

आपल्या लोकांना खरा फरक रस्त्यावर जाणवतो. टेक्सासात वाहतुकीच्या बहुतेक किरकोळ चुकांसाठीसुद्धा पोलीस अटक करू शकतात. लागो व्हिस्टा गावात एका आईला सीटबेल्टवरून बेड्या घातल्या गेल्या आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटक वैध ठरवली. कॅलिफोर्नियात अशा चुकीला सहसा तिकिटावर सही केली की सुटका. अटक झाली की बोटांचे ठसे दोन्हीकडे केंद्राकडे जातातच. पुढचा रस्ता वेगळा : टेक्सासात आयसीईने मागितलं तर तुरुंग तुम्हाला ४८ तासांपर्यंत धरून ठेवतो, कॅलिफोर्नियात जामीन झाला की दार उघडतं. दाराबाहेर आयसीई उभी असेल तर एसबी ५४ काही करू शकत नाही. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये धाडी पडल्याच.

माझं मत विचाराल तर, कागद चोख असतील आणि पुढची दोन-तीन वर्षं नोकरीची खात्री असेल तर या कारणासाठी टेक्सास नाकारू नका. बे एरियाचं भाडं त्या मानाने फार मोठं संकट आहे. पण व्हिसाचं एक्स्टेन्शन अजून अडकलेलं आहे, गाडीच्या लायसन्सची मुदत जुन्या व्हिसाच्या कागदाबरोबर संपत आलीय आणि रोज पन्नास मैल गाडी चालवायचीय, अशी अवस्था असेल तर मी कॅलिफोर्नियाकडे झुकेन. टेक्सासात कायदेशीर वास्तव्याचा पुरावा दिल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. कॅलिफोर्नियात २०१५ पासून तशा पुराव्याशिवायही ते काढता येतं, पण व्हिसावाल्याने आधी वकिलाला विचारावं.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर दोन्ही राज्यांत नियम एकच. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद, म्हणजे त्यांच्या बाबतीत आय-९४ ही अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद, जवळ बाळगायचा असा केंद्राचा कायदा आहे. तेव्हा संध्याकाळी फिरायला निघताना त्याची छापील प्रत बाबांच्या खिशात असू द्या.