हॉट योगाचे आठ महिने आणि माझी त्वचा

गेल्या नोव्हेंबरात मी पुण्यात हॉट योगाचा क्लास लावला तो पाठदुखीसाठी. त्वचेचा विचार तेव्हा मनातही नव्हता. कोलकात्यात जन्मलेल्या बिक्रम चौधरी यांनी 1970च्या दशकात अमेरिकेत रुजवलेली ही पद्धत आहे. खोलीचे तापमान सुमारे 40 अंश सेल्सिअस, आर्द्रता 40 टक्के, वेळ 90 मिनिटे आणि 26 आसने, त्यांतच दोन श्वसनाचे प्रकार. माझी आई मूळची जळगावची. महिन्याची फी ऐकून ती म्हणाली, "अगं, मे महिन्यात माझ्या माहेरी जाऊन बस, हे सगळं फुकट मिळेल."

पहिल्या महिन्यात चेहरा खरोखरच उजळल्यासारखा दिसत असे, आणि तसे मैत्रिणींनीही बोलून दाखवले. मात्र शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावते, त्यामुळे आलेली ती लाली होती आणि घरी पोहोचून कुकर लावेपर्यंत ओसरलेली असे. घामावाटे शरीरातील विषद्रव्ये निघून जातात, असे क्लासमध्ये रोज ऐकवले जाई. ते मला पटले नाही, कारण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि शरीर शुद्ध ठेवण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात. मिठाचा पुरावा तर काळ्या लेगिंग्जवर वाळून उमटलेल्या पांढऱ्या रेघांतच दिसे.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर आणि अंतर्वस्त्राच्या पट्ट्याखाली घामोळे उठले. घामाच्या नलिकांची तोंडे बुजली की घाम बाहेर न पडता त्वचेच्या आतच झिरपतो आणि बारीक, टोचणारे पुरळ येते. येथे चूक माझीच होती, कारण हिवाळ्यात अंग फुटते म्हणून मी क्लासला जाण्यापूर्वी खोबरेल लावत होते. तेल बंद केल्यावर आठवड्याभरात पाठ निवळली. कोरडेपणाचे खरे कारण क्लासनंतरची कढत पाण्याची अंघोळ हे होते. नडग्यांची त्वचा पांढरट होऊन खाजू लागली, तेव्हा मी कोमट पाण्यावर आले, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवला आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावू लागले, एवढ्यावर भागले.

सर्वांत जास्त त्रास जूनमध्ये झाला. पाऊस सुरू झाल्यावर मॅट आणि टॉवेल वाळेनात. एकदा तर पिशवीतून काढलेल्या टॉवेलला कुबट वास येत असूनही मी तो तसाच वापरला. त्यातच क्लास संपल्यावर ओल्या, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्जमध्ये तासभर गप्पा मारत बसण्याची सवय होती. जांघेत रुपयाएवढे लाल, कडेला उठावदार आणि मध्ये फिकट वर्तुळ दिसले, ते गजकर्ण निघाले. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबली, पण तीन आठवड्यांत वर्तुळ मांडीपर्यंत पसरले. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब उलटी करून त्यावरचे बारीक अक्षर मला वाचायला लावले: बुरशीच्या औषधात स्टिरॉइड मिसळलेले होते. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. त्यानंतर साधे बुरशीविरोधी औषध, डाग दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत, आणि घरातल्या प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. (आईने हे आधीच सांगितले होते, हे तिने त्या महिन्यात किमान दहा वेळा सांगितले.)

या तक्रारी निस्तरता आल्या, वांगाचे तसे नाही. बाळंतपणानंतर माझ्या डाव्या गालावर फिकट वांग होता आणि उन्हापासून जपल्यामुळे तो आटोक्यात होता. मार्चमध्ये तो गडद वाटू लागला तेव्हा मी गोंधळले, कारण क्लास संध्याकाळी, बंद खोलीत, आणि सनस्क्रीन तर दिवसभर नियमाने. डॉक्टरांनी सांगितले की केवळ प्रकाशाने नव्हे, उष्णतेनेही वांग वाढू शकतो आणि सनस्क्रीन उष्णता अडवत नाही. स्वयंपाकघरातल्या एकाच खिडकीपाशी, सकाळी एकाच वेळी काढलेले नोव्हेंबर आणि जूनमधले फोटो शेजारी ठेवले, तर फरक सांगावा लागत नाही. प्रवेशाच्या वेळी रक्तदाब आणि गरोदरपण यांची चौकशी झाली होती, त्वचेविषयी एकही प्रश्न नव्हता, ही माझी रास्त तक्रार आहे. वांग असलेल्यांना, तसेच घामाने ज्यांचा इसब चिघळतो किंवा ज्यांचा चेहरा उष्णतेने लालबुंद होऊन तासन्‌तास तसाच राहतो त्यांना मी ही गरम खोली सुचवणार नाही. तेलकट, धडधाकट त्वचेच्या माझ्या मैत्रिणीला मात्र या आठ महिन्यांत काहीही झाले नाही, आणि ती अजून जाते.

पाठ पुष्कळ सुधारली, हेही नमूद केले पाहिजे. जुलैपासून तीच आसने मी घरी, पंख्याखाली करते. मॅट गॅलरीत दोरीवर उलटी टाकलेली असते आणि पावसाची सर आली की ती आत घेण्यासाठी आई मला हाक मारते.