बॅरन बेटाची ‘भूशास्त्रीय अभ्याससहल’: हातोडी पिशवीतच राहिली

सोलापूर परिसरात विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हे वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तसाच, पण अलीकडेच थिजलेला खडक हाती घेता येईल, या एकाच आशेने आम्ही चार शिक्षकांनी अंदमानातील एका सहल संस्थेकडे तिथल्या बॅरन या जागृत ज्वालामुखीच्या बेटाची अभ्याससहल नोंदवली.

संस्थेने पाठवलेल्या यादीत हातोडी, जाड तळव्यांचे बूट आणि नमुन्यांसाठी कापडी पिशव्या होत्या. चाटी गल्लीतून मांजरपाट आणून आम्ही बारा पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांवर क्रमांकही घातले. पर्यटकांना बेटावर उतरू देत नाहीत, बोट दुरूनच फेरी घालते, हे मात्र आम्हाला पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर, पूर्ण पैसे भरून झाल्यावर समजले.

बोटीविषयी तक्रार नाही. सुमारे 138 किलोमीटरचा प्रवास रात्रीतून झाला, खलाशी जाणते होते. जेवण बेताचे होते, पण आमच्याजवळ कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती.

पहाटे जे दिसले, ते मात्र विसरणे कठीण आहे. बेट जेमतेम 3 किलोमीटर रुंदीचे. जुन्या ज्वालामुखीचे कडे पश्चिमेला फुटलेले असून त्या खिंडारातून आतला राखेचा काळा शंकू आणि समुद्रापर्यंत उतरलेले खडबडीत लाव्ह्याचे ओघळ स्पष्ट दिसतात. दीड शतकाहून अधिक काळ शांत राहिलेला हा ज्वालामुखी 1991 मध्ये पुन्हा जागा झाला.

‘तुमच्या दख्खनसारखाच हा’, असे मार्गदर्शकाने सांगितले, ते आम्हाला खटकले. आपल्याकडे लाव्हा लांबलांब भेगांतून पसरला आणि थरावर थर साचून पठार झाले. येथे भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, शेजारच्या बर्मा भूपट्टाखाली सरकतो, खोलवर त्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचे प्रावरण (कवचाखालचा खडकांचा जाड थर) वितळते आणि तो रस एकाच ठिकाणी वर येऊन शंकू रचतो. अभ्याससहल म्हणवणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक हवे.

केवळ दर्शनासाठी जाणाऱ्यांनी ही फेरी अवश्य करावी. नमुने गोळा करण्याच्या हेतूने जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी उतरण्याच्या परवानगीविषयी लेखी विचारून घ्यावे. अर्धी रक्कम परत मागणाऱ्या आमच्या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही आणि क्रमांक 1 ते 4 च्या पिशव्यांत सध्या घरची तूरडाळ आहे.