कूलरमधला गॅस तपासल्याचं बिल

जानेवारीत जळगावात कुणी कूलर लावत नाही. आमच्या मंगल कार्यालयाचे ४६ कूलर दिवाळीनंतर गवत काढून, टाक्या कोरड्या करून मागच्या गोदामात ताडपत्रीखाली जातात, ते होळीच्या सुमारास बाहेर येतात. तरीही त्या ४६ कूलरच्या जानेवारीतल्या सर्व्हिसिंगचं बिल मी मंजूर केलं. ३५० रुपयांप्रमाणे १६,१०० रुपये. खाली सही माझी. कामाच्या तपशिलात स्वच्छ छापलेलं होतं: 'गॅस प्रेशर तपासणी, कॉइल सफाई'. मी ते वाचलंच नव्हतं, कारण स्क्रीनवर सगळ्या ओळी हिरव्या होत्या आणि शेजारी 'पूर्ण' असं लिहिलेलं होतं.

मी एका ट्रस्टच्या इमारतीचा व्यवस्थापक आहे. खाली मंगल कार्यालय, वर मुलांचं वसतिगृह. हिशेबाचा माणूस, यंत्रातलं फारसं कळत नाही. पूर्वी पंप, जनरेटर आणि लिफ्ट यांची नोंद एका वहीत असे. ती वही आमच्या जुन्या वायरमनकडे होती. तो काम सोडून पारोळ्याला गेला, त्याच्याबरोबर वहीही गेली आणि दोन महिन्यांत बोअरचा पंप जळाला. शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा समितीत ठरलं की आता सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. एका सभासदाच्या ओळखीतून एक मुलगा आला. अतिशय गोड बोलणारा. मला 'काका', अध्यक्षांना 'सर'. त्याने जनरेटरवर एक चौकोनी स्टिकर चिकटवून मोबाईलने स्कॅन करून दाखवलं, तर त्या जनरेटरची सगळी कुंडली समोर! समिती तिथेच गार झाली.

दर असा होता: सॉफ्टवेअरचे महिन्याला २,५०० रुपये आणि सुरुवातीची मांडणी प्रत्येक असेटमागे १२० रुपये. असेट म्हणजे देखभालीखालची वस्तू. माझा मनातला अंदाज होता अडीचशे वस्तूंचा, म्हणजे तीस हजार. महिन्याभराने यादी आली ती १,१८४ असेटची. १,४२,०८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. मी चक्रावून यादी उघडली. एका कूलरचे चार असेट केलेले: बॉडी, मोटर, टिल्लू पंप, गवताच्या ताट्या. अग्निशामक सिलिंडर वेगळा आणि तो ज्याला टांगतात तो हूकही वेगळा. प्रत्येक ट्यूबलाइट, प्रत्येक नळ. मी विचारलं तर म्हणाला, "काका, इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे, असंच करावं लागतं."

स्टँडर्ड खरंच असतं. हे मला नंतर कळलं. अमेरिकेत इमारतीच्या भागांची वर्गवारी करायची युनिफॉरमॅट नावाची पद्धत आहे, तिचं मानक एएसटीएम ई १५५७. त्यात 'डी' म्हणजे इमारतीच्या सेवा: डी १० मध्ये लिफ्ट, डी २० मध्ये नळकाम, डी ३० मध्ये हवा गार-गरम करणारी यंत्रणा, डी ४० मध्ये आगीपासून संरक्षण, डी ५० मध्ये वीज. पण प्रत्येक नळ वेगळा मोजा असं ती पद्धत सांगत नाही. काय मोजायचं हे मालकाने आधी ठरवायचं असतं. ज्याची सर्व्हिसिंग वेगळी, ज्याची वॉरंटी वेगळी किंवा जे बिघडलं तर 'दुरुस्त करू की नवं घेऊ' असा विचार करावा लागतो, ते असेट. बाकीचे त्याचे सुटे भाग, ते त्याच्याच पानावर लिहायचे. ट्यूबलाइट हॉलनिहाय एकत्र धरायच्या. आम्ही यातलं काहीच ठरवलं नाही. ज्याला नगामागे पैसे मिळणार, त्यालाच मोजायला बसवलं.

तरी ही लूट किरकोळ होती. खरी मेख वर्गवारीतच होती आणि ती मी 'कॉम्प्युटरचं काम' म्हणून पाहिलीही नाही.

अशा सॉफ्टवेअरमध्ये वस्तू कुठल्या वर्गात टाकली, यावर पुढचं सगळं चालतं. वर्गाला माहितीचे रकाने जोडलेले असतात: पंपाला हॉर्सपॉवर, जनरेटरला केव्हीए, लिफ्टला माणसं आणि मजले. त्याच वर्गाला देखभालीचं वेळापत्रकही जोडलेलं असतं. तारीख आली की सॉफ्टवेअर आपोआप वर्क ऑर्डर, म्हणजे कामाचा आदेश, काढतं. आमच्याकडे ती वर्क ऑर्डर जायची एका एजन्सीला, दर ऑर्डरला ३५० रुपये. ती एजन्सी याच मुलाने सुचवलेली. आणि कूलर टाकले होते डी ३० खाली 'स्प्लिट एसी' या वर्गात. डी ३० बरोबरच आहे, कुणाही जाणकाराला दाखवलं असतं तर त्याने मान हलवली असती. चलाखी त्याच्या खालच्या पायरीवर होती. एसीचं वेळापत्रक दर तीन महिन्यांनी, कूलरला लागतं उन्हाळ्यापुरतं. वर्ग बदलला की बिल फुगतं, आणि कुठल्याही कागदावर खोटी रक्कम नाही.

हे उघडं पाडलं आमच्या वॉचमनने. मार्चमध्ये ताडपत्री काढली, तर एका कूलरमध्ये उंदरांनी घर केलेलं, टाकीत मागच्या मोसमाचा क्षार तसाच. मी म्हटलं, जानेवारीत तर सर्व्हिसिंग झालंय, हे बघ, गॅससुद्धा तपासलाय. तो अमळनेरकडचा. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाना, कूलरमा गॅस ऱ्हास का?" म्हणजे, कूलरमध्ये गॅस असतो का? गॅस असतो एसीत, कूलर चालतो पाण्यावर.

मला त्या वेळी वाटलेली लाज अजून गेलेली नाही. पंचावन्न वर्षं या उन्हात काढलेला माणूस मी, कूलर कसा चालतो हे शेंबड्या पोराला कळतं इथे.

मग रात्री बसून एकेक वर्ग उघडत गेलो. यादीत 'चिलर' (मोठ्या एसी यंत्रणेचं पाणी गार करणारं यंत्र) होता, 'सरकता जिना' होता. आमच्याकडे दोन्ही नाहीत. कुठल्यातरी मोठ्या हॉटेलची मांडणी जशीच्या तशी आणून ओतली होती. आणि ज्याने मला खरोखर घाम फुटला तो प्रकार म्हणजे ३१ अग्निशामक सिलिंडर 'फर्निचर व इतर' मध्ये. त्या वर्गाला वेळापत्रकच नव्हतं. म्हणजे रिफिलची आठवण सॉफ्टवेअर कधीच देणार नव्हतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. आमचा जानेवारीचा राहून गेला होता, कारण मी स्क्रीनवरच्या हिरव्या ओळींवर विसंबलो. परवानाधारक माणसाला बोलावलं, तर ९ सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात, म्हणजे आतला दाब उतरलेला. वर मुलं झोपतात. कूलरच्या १६ हजारांचं मला काही वाटत नाही, पण त्या ९ काट्यांनी माझी झोप उडवली.

त्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन केला. म्हणाला, वर्ग बदलायचे अधिकार 'ॲडमिन'ला. ॲडमिन कोण? तोच. मग आमची यादी तरी द्या, म्हटलं. त्यासाठी 'डेटा एक्सपोर्ट'चे ४०,०००! ते नाकारून महिन्याचे पैसे थांबवले, तर आठ दिवसांत लॉगिन बंद आणि स्टिकर स्कॅन केलं की कोरं पान. स्टिकरमध्ये आमचा वस्तू क्रमांक नव्हताच, होता त्याच्या साइटचा पत्ता. (गच्चीवरची स्टिकरं तशीही मे महिन्यात गळून पडली. ४५ अंशांत कागदी स्टिकर टिकत नाही, हे तरी मला कळायला हवं होतं.) करार चाळला. त्यात यादी कुणाच्या मालकीची, याबद्दल अवाक्षर नाही. ओळख करून देणारे सभासद आता म्हणतात, "मी फक्त नंबर दिला होता."

वकिलाची नोटीस गेली आहे, उत्तर आलेलं नाही.

दरम्यान आयटीआय झालेल्या एका पोराला घेऊन अडीच दिवसांत सगळी इमारत पायी फिरलो आणि साध्या एक्सेलमध्ये यादी केली. २१४ वस्तू भरल्या. जागा वेगळ्या रकान्यात, वर्ग वेगळ्या रकान्यात, कारण कूलर हॉलमधून वसतिगृहात गेला तरी तो कूलरच राहतो. सॉफ्टवेअरवाल्या मुलाच्या यादीत 'स्प्लिट एसी'खाली 'हॉल कूलर' आणि 'हॉस्टेल कूलर' असे वेगळे पोटवर्ग होते, त्यामुळे हलवलेले कूलर दोनदा मोजले गेले होते. आता 'डेझर्ट कूलर' हा स्वतंत्र वर्ग आहे. फेब्रुवारीअखेर गवत, एप्रिल-मेमध्ये दर पंधरवड्याला टाकीचा क्षार, दिवाळीनंतर बंद. वर्गांची यादी छापून ऑफिसच्या भिंतीवर लावली आहे आणि कुठल्या वर्गाला वर्षात किती वर्क ऑर्डर निघतील हा आकडा समोर हाताने लिहिला आहे. तो गुणिले दर, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी मागायला हवा होता.

तो मुलगा सध्या भुसावळ आणि चोपड्याच्या बाजूला मंगल कार्यालयं आणि शाळा फिरतोय, असं ऐकतो. स्टिकर आणि टॅब घेऊन कुणी 'काका' म्हणत आलाच, तर जनरेटर दाखवू देऊ नका. कूलरपाशी न्या आणि हा कुठल्या वर्गात टाकणार, ते विचारा.